प्लॉट पाडणारे आणि पदवी घेणारे

धुळ्याला पांझरेपलीकडे, म्हणजे देवपुरात, गेली कित्येक वर्षे दोन उद्योग जोमाने चालले आहेत. एक शिकवण्याचा आणि दुसरा प्लॉट पाडण्याचा. महाविद्यालये, वसतिगृहे, शिकवण्या आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका यांची येथे दाटी आहे. आणि या दाटीच्या कडेकडेने, आज ज्या शेतात कपाशी उभी आहे त्यात उद्या चुन्याच्या रेघा पडतात, परवा रंगवलेले दगड रोवले जातात आणि तेरवा कुठल्या तरी देवाच्या नावाची कमान उभी राहते. दोन्ही उद्योगांचे गिऱ्हाईक एकच आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांतला शेतकरी मुलाला शिकायला देवपुरात पाठवतो, आणि मुलगा शिकून नोकरीला लागला की देवपुरातच प्लॉट घेतो. असे असूनही या दोन उद्योगांची एकमेकांशी ओळख नाही. कला शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण प्लॉट विकत घेईल, प्लॉटवरून कोर्टाची पायरी चढेल, प्लॉटसाठी वीस वर्षे हप्ते फेडील; परंतु प्लॉट पाडण्याच्या धंद्यात तो जाणार नाही. ते आपले काम नव्हे असे त्याला वाटते, आणि तसे वाटायला आपण सर्वांनी त्याला शिकवले आहे.

हा लेख त्या शिकवणुकीविरुद्ध आहे. जमीन मिळवणे, तिचे भूखंड पाडणे, रस्ते-गटारे करणे, घरे बांधणे आणि ती विकणे या सगळ्याला हल्ली ‘विकसन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. या विकसनाला लागणारी मुख्य विद्या कला शाखेत शिकवली जाते. ती शिकलेली माणसे या धंद्यात नाहीत म्हणून धंदा नासला आहे. आणि त्यांनी त्यात शिरावे यात त्यांच्या पोटाचेही हित आहे व गावाचेही. एवढेच मला सांगायचे आहे. हे वाचून काही प्राध्यापक हसतील आणि काही बिल्डर त्याहून मोठ्याने हसतील. दोघांनाही उत्तर देण्याचा विचार आहे.

आधी सध्याची स्थिती काय आहे ते पाहू. बी.ए. झालेल्या मुलापुढे आपण वाटा ठेवल्या किती? राज्यसेवेची परीक्षा, पोलीसभरती, शिक्षकभरती, आणि यांतले काही न साधल्यास पुन्हा राज्यसेवेची परीक्षा. महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेऊन अभ्यासिकेत बसलेली ही मुले पंचविशीची तिशीकडे झुकतात. खाजगी संस्थेत शिक्षकाची जागा हवी असेल तर ‘देणगी’ मोजावी लागते, हे तर उघड गुपित आहे. ही देणगी येते कुठून? बापाच्या शेतातून. हमरस्त्यालगतचे एक-दोन एकर विकले जातात. घेणारा त्याचे प्लॉट पाडतो. पाच-सात वर्षांनी पगार सुरळीत झाला की तोच शिक्षक कर्ज काढून त्याच शिवारात पंधराशे फुटांचा तुकडा विकत घेतो. बापाने एकराने विकले ते मुलाने फुटाने घेतले!

या फरकाचा हिशेब मांडून पाहा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. त्यातला समजा चौथा हिस्सा रस्त्यांना गेला आणि एक-दशांश नियमाप्रमाणे मोकळ्या जागेला गेला, तरी २८,००० चौरस फुटांच्या वर जागा विकायला उरते. पंधराशे फुटांचे अठरा प्लॉट झाले. हा हिशेब सातवीतल्या मुलाला येतो. बी.ए. झालेला मुलगा तो मांडत नाही, कारण तो आपणही मांडायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. ज्या घराने जमीन पुरवली आणि ज्या घराने अखेरीस किंमत मोजली ते घर एकच, आणि मधला नफा मात्र तिसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे. आणि त्या तिसऱ्याजवळ काय होते? बहुधा पदवीही नव्हती. त्याला फक्त एवढे ठाऊक होते की, जमीन ही शेतात असते तशी कागदावरही असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप धंद्यातल्या लोकांचा: “बी.ए.वाल्याला यातले काय कळते? येथे सिमेंट-लोखंड कळावे लागते.”

हे म्हणणे ऐकायला खणखणीत आहे, पण ते म्हणणाऱ्यांनाही सिमेंट-लोखंड कळत नाही, हे विसरून चालणार नाही. इंजिनिअर पगारावर मिळतो. आर्किटेक्ट फी घेऊन नकाशा काढून देतो, आणि आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे शिक्षण व नोंदणी लागते. बिल्डर म्हणवून घ्यायला मात्र या देशात आजतागायत कोणतीही पदवी लागलेली नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा प्रवर्तकाकडून पुष्कळ कागद मागतो, परंतु पदवीचा कागद मागत नाही. तेव्हा हा धंदा अमुक एका विद्येच्या मालकीचा आहे, असा दावा कोणी करू नये.

मग विकसकाचे स्वतःचे काम कोणते? जमिनीचा इतिहास वाचणे, माणसांची मने वाचणे, आणि जे ठरले ते दोघांना एकाच अर्थाने कळेल अशा भाषेत लिहिणे. यातले कोणते काम कला शाखेच्या बाहेरचे आहे?

सातबाराचा उतारा घ्या. त्यात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र आलेले असतात. सातात मालकाचे नाव, बारात पिकाची नोंद. पण खरी गोष्ट असते ती ‘इतर हक्क’ या रकान्यात आणि फेरफार क्रमांकांत. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना सहामधली एक नोंद आहे आणि प्रत्येक नोंदीमागे एका घरातला एक प्रसंग आहे: कोणी वारले, कोणी वाटणी मागितली, कोणी सोसायटीचे कर्ज काढले, कोणी मुलीच्या लग्नासाठी गहाण टाकले. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असली तर शासनाच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. कुळाचे नाव एखाद्या जुन्या फेरफारात दडलेले असते. हे सगळे क्रमाने लावून, कुठे दुवा तुटला आहे, कोणाचे नाव न सांगता गळाले आहे, कोणती नोंद घाईने झालेली दिसते, हे ओळखणे म्हणजे साधनांची चिकित्सा करणे. इतिहासाच्या वर्गात ती शिकवतात. परीक्षेपुरती शिकवतात ही गोष्ट वेगळी, पण शिकवतात.

याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ साली देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. राजवाडे पदवीने बी.ए. होते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून त्यांनी जे कागद गोळा केले त्यांत लढायांची वर्णने आहेत तशीच वतनांची भांडणे, इनामांच्या सनदा, महजर आणि निवाडपत्रेही आहेत. म्हणजे शेत कोणाचे, वाडा कोणाचा, बांध कुठवर, हाच प्रश्न! आपण त्याला इतिहास म्हणून नमस्कार करतो, आणि तोच प्रश्न आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभा राहिला की त्याला दलाली म्हणून नाक मुरडतो. जुने दस्त मोडीत आहेत. मोडी सफाईने वाचणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणी शोधून सापडत नाहीत, आणि ज्यांना सापडतात ते त्यांना मागतील ते पैसे देतात. इतिहासाच्या पदवीधराला सहा महिने खपून ही लिपी साधण्यासारखी आहे. पण ती घेऊन करायचे काय, असे तो विचारतो! उत्तर त्याच्या गावाच्या रेकॉर्ड-रूममध्ये बासनात बांधून पडलेले आहे.

दुसरे काम मने वाचण्याचे. एक उदाहरण देतो, कारण देवपुरात ते पावलोपावली भेटते. जमीन वडिलोपार्जित आहे, विकणारे दोघे भाऊ तयार आहेत, भाव ठरला आहे, आणि त्यांना तीन बहिणी आहेत. वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्याविषयीचा उरलासुरला संशय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली फेडला. तेव्हा बहिणींच्या सहीवाचून तो व्यवहार पांगळा आहे. आपल्याकडे प्रघात काय? आखाजीला माहेरी आलेल्या लेकीपुढे हक्कसोडपत्र ठेवायचे. झोक्यावर बसायला आलेली बहीण भावाला नाही म्हणत नाही. सही करते, डोळे पुसते आणि सासरी जाते. काही वर्षांनी तिचा मुलगा मोठा होतो, वकिलाकडे जातो, आणि तोवर त्या जमिनीवर अठरा घरे झालेली असतात. अठरा कुटुंबे कोर्टात उभी राहतात. त्यांतला कोणी निवृत्त कंडक्टर असतो, कोणी शाळामास्तर.

व्यवहारी विकसक म्हणतो, सही झाली ना, मग झाले. पण ज्याने चार चांगल्या कादंबऱ्या समजून वाचल्या आहेत त्याला बहिणीच्या गप्प बसण्याचा अर्थ कळायला हवा. तो तिच्या घरी स्वतंत्रपणे जाईल, तिला तिचा हिस्सा किती आणि त्याची किंमत किती ते समजावून सांगेल, तिच्या हिश्शाचा चेक तिच्याच खात्यात जमा होईल असे पाहील, आणि मगच खरेदीखतावर तिची सही घेईल. हे सौजन्य म्हणून चांगले आहेच. पण त्याहीपेक्षा, त्या अठरा घरांचा पाया यानेच पक्का होतो. सिमेंटने होत नाही.

तिसरे काम लिहिण्याचे. आपली खरेदीखते, साठेखते आणि सौदापावत्या कोणत्या भाषेत लिहिल्या जातात ते पाहा. अर्ध्या फारसी, अर्ध्या इंग्रजी वळणाच्या, पानभर लांबीच्या एकाच वाक्यात सहा ‘सदरहू’ आणि नऊ ‘उपरोक्त’. घेणाऱ्याला त्यातले ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ एवढेच कळते. ही दुर्बोधता अडाणीपणातून आलेली नाही. तिच्यावर पुष्कळांची पोटे चालतात. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले. तरी ‘मुखत्यारपत्र झाले म्हणजे प्लॉट तुमचाच’ हे वाक्य अजून चहाच्या टपरीवर खपते. ज्या मराठीच्या पदवीधराला सरळ वाक्य लिहिता येते त्याने सरळ खरेदीखत लिहून दाखवावे. त्याची ही लेखनसेवा दहा लेखसंग्रहांना भारी ठरेल.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे: “हे सगळे खरे, पण भांडवल कुठून आणायचे?”

याला माझे उत्तर असे की, या धंद्यातले पहिले भांडवल जमीन, आणि ती तर तुमच्याकडेच आहे. पुण्याजवळच्या हडपसरच्या मगरांनी हे दाखवून दिले. शहर अंगावर येत आहे, एकेकट्याने विकले तर सगळेच बुडू, हे ओळखून शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि विकसन स्वतःच करून मगरपट्टा वसवला. सतीश मगर हे या कामाचे धुरीण. ते शेतकीचे पदवीधर आहेत, इंजिनिअर नव्हेत. मगरपट्ट्याइतके मोठे देवपुरात होणार नाही, होण्याचे कारणही नाही. पण शेजारच्या तीन बांधकऱ्यांनी मिळून सहा एकरांचा मंजूर अभिन्यास करणे अशक्य आहे काय? अडते ते पैशाने कमी आणि भावकीने जास्त. तिघांना एका बैठकीत बसवून, प्रत्येकाचे म्हणणे लिहून घेऊन, वाटणीचा करार करून देणारा चौथा माणूस लागतो. हा चौथा माणूस म्हणून बी.ए. झालेल्या मुलाला का बसू नये?

त्याहून जुने उदाहरण मुंबईचे. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन आपली घरे आपण बांधायची, असा तो उपक्रम होता. त्याचे प्रवर्तक रावबहादूर तालमकी. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. विटा रचणे त्यांचे काम नव्हते. माणसे जमवणे, नियम लिहिणे, हिशेब उघडा ठेवणे आणि विश्वास टिकवणे हे त्यांचे काम होते. विलायतेतही हेच घडले आहे. उद्यान-नगरांची कल्पना मांडणारा एबेनेझर हॉवर्ड लंडनला पार्लमेंटात लघुलेखकाचे काम करीत असे. १८९८ साली त्याने आपले पुस्तक लिहिले, आणि १९०३ साली त्यातून लेचवर्थ हे गाव उभे राहू लागले. आपल्या वाटेवरच्या इंदूरचा नगररचना-अहवाल १९१८ साली ज्याने लिहिला तो पॅट्रिक गेडीस वनस्पतिशास्त्राचा माणूस. तो पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. नकाशावर रेघ ओढण्याआधी गल्ल्यांतून पायी हिंडून लोक कसे राहतात ते पाहा, ही त्याची शिकवण.

अर्थात, पदवी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी पाटी लावू नये. दोन वर्षे एखाद्या आर्किटेक्टच्या वा वकिलाच्या कचेरीत कागद वाहावेत. तलाठ्याच्या (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), भूमी अभिलेखाच्या आणि महापालिकेच्या नगररचना खात्याच्या पायऱ्या झिजवाव्यात. मोजणीच्या वेळी उन्हात उभे राहून खुणा कुठे पडतात ते पाहावे. महारेराने २०२३ पासून दलालांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. परीक्षांचीच सवय लागलेल्या आमच्या मुलांना तीही एक परीक्षा द्यायला हरकत नाही. निदान या परीक्षेला जागांची मर्यादा नाही!

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा, म्हणजे हा अंक हातात घेतलेल्यांचा आहे. “जमिनीचा धंदा भल्या माणसाचा नव्हे. तेथे खोटे बोलावे लागते.” हे बोलणारे गृहस्थ बहुधा स्वतःच्या मालकीच्या घरात बसून बोलतात. ते घर कोणी तरी पाडलेल्या प्लॉटवर कोणी तरी बांधलेले असते, आणि त्यातला काही पैसा कोणत्या मार्गाने दिला हे त्यांनाही आठवत असते. वस्तू चालते, वस्तू करणारा चालत नाही, ही आपली जुनी खोड आहे.

मराठी साहित्यिकांनी तरी ही सोवळेपणाची भाषा करू नये. वांद्र्याच्या पूर्वेला साहित्य सहवास नावाची वसाहत आहे. लेखकांनी सहकारी संस्था करून ती वसवली. विंदा करंदीकर तेथे राहिले, रमेश तेंडुलकर तेथे राहिले. कवितेचा आणि जमिनीचा छत्तीसचा आकडा असता तर ही वसाहत झालीच नसती. मुंबईत स्वतःसाठी जे केले ते धुळ्यात दुसऱ्यासाठी करायला कमीपणा का वाटावा?

आणि धुळे शहर तरी कोणी वाढवले? १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. १८१९ साली येथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने कचेऱ्या बांधण्यासाठी दुरून कारागीर आणवले, व्यापाऱ्यांना व इतरांना घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, आणि पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना आणि नव्यांना सारखीच आगाऊ रक्कम दिली. आजच्या भाषेत हे विकसनच झाले. हा ब्रिग्ज पेशाने शिपाई, पण ओढ्याने फारसीचा पंडित होता. फिरिश्त्याच्या इतिहासाचे त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ साली प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ हिंदुस्थानातल्या जमीन महसुलावरचा ग्रंथही. तो परक्या सत्तेचा माणूस होता, जागा वाटण्याचा अधिकार तलवारीने आलेला होता, आणि गाव वसवण्यात कंपनीचा स्वार्थ होता, हे सगळे मान्य. तरीही ज्याला भाषा आणि इतिहास येतो त्याला गाव वसवता येत नाही, हे विधान निदान धुळ्याने तरी खरे मानू नये.

धंदा घाण आहे म्हणून भली माणसे गेली नाहीत, की भली माणसे गेली नाहीत म्हणून घाण झाली? २००१ साली शासनाला गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे बेकायदा तुकडे त्यात पदरात घेतले. वीस वर्षांनी, २०२१ साली, ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवावी लागली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत राज्यभर तेच चालले होते: मंजुरी नाही, रस्त्याची रुंदी नाही, मोकळी जागा नाही, पाण्याची सोय नाही, आणि घेणारा मात्र प्रॉव्हिडंट फंड रिकामा करून बसलेला. या काळात आमच्या महाविद्यालयांतून किती हजार पदवीधर बाहेर पडले असतील! त्यांतल्या थोड्यांनी जरी विकत घेण्यापूर्वी शेजाऱ्यांना कागद वाचून दाखवले असते तरी पुष्कळ घरे वाचली असती. आता मनमाड–इंदूर लोहमार्गाला २०२४ साली केंद्राने मंजुरी दिली आहे. ३०९ किलोमीटरचा हा मार्ग धुळ्यावरून जातो. अशी बातमी येते तेव्हा पहिला रूळ पडण्याच्या कितीतरी आधी जाहिरातीच्या पाट्या पडतात. येत्या दहा वर्षांत देवपुराभोवती काय घडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

येथे एका आक्षेपाला मी स्वतःच वाट करून देतो, कारण तो सगळ्यांत खरा आहे. शिकलेल्यांनी कागद हाती घेतले की भले होते, असे खानदेशाचा इतिहास सांगत नाही. शहादा-तळोद्याच्या भिल्लांच्या जमिनी गेल्या त्या लिहिता-वाचता येणाऱ्यांच्या हाती. कर्जाचा कागद, अंगठा, गहाण, आणि मग सातबाऱ्यावरचे नाव बदललेले. १९७०च्या सुमारास, शहादा धुळे जिल्ह्यातच असताना, आदिवासींनी या जमिनींसाठी लढा उभारला. अंबरसिंग सुरतवंती हे त्या लढ्यातले नाव. १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली, आणि पुढे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन इतरांस घेता येऊ नये असा बंध घातला. तेव्हा वाचता येणे म्हणजे सज्जन असणे नव्हे, हे आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. बी.ए. झालेला बिल्डर हा अधिक हुशार लबाड होऊ शकतो, आणि अंगठा उठवणाऱ्या सावकारापेक्षा तो अधिक घातक ठरेल.

म्हणून मी नुसते ‘शिरा’ असे म्हणत नाही. कसे शिरा तेही सांगतो. विकायच्या जमिनीचे सगळे कागद, फेरफारांसह, गिऱ्हाइकाला मागण्याआधी द्यावेत. कायद्याने करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या एक-दशांशाहून अधिक रक्कम घेता येत नाही. ती मर्यादा ओलांडू नये, मग गिऱ्हाईक स्वतः होऊन देत असले तरी. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले शंभरातले सत्तर वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच कामावर खर्चायचे, हा नियम पाळावा. ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या अभिन्यासात एक-दशांश जागा मोकळी ठेवावी लागते. ती कोपऱ्यातल्या नाल्याच्या काठी नकाशावर दाखवून मोकळे होऊ नये. जेथे मुले खेळू शकतील आणि म्हातारी माणसे बसू शकतील तेथे ठेवावी. पाण्याची खात्री नसेल तर नाही म्हणून लिहून द्यावे. नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात ज्या शहराने कैक वर्षे काढली त्याला या एका वाक्याची किंमत कळते. आदिवासीच्या, कुळाच्या वा वाद असलेल्या जमिनीला आडमार्गाने हात लावू नये. यात नफा कमी होईल काय? पहिल्या कामात होईल. पण देवपुरासारख्या गावात, जेथे घेणारा आणि विकणारा एकाच लग्नाच्या पंगतीत बसतात, तेथे ‘याचे कागद साफ असतात’ ही कीर्ती जाहिरातीपेक्षा स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

आमच्या महाविद्यालयांकडेही एक मागणे आहे. कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला एक अभ्यासपत्रिका ‘आपल्या गावाची जमीन’ अशी ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका गट नंबरचा शंभर वर्षांचा इतिहास कागदांवरून लावायचा, त्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांशी आणि लेकीबाळींशी बोलायचे, आणि पंचवीस पानांचा अहवाल सोप्या मराठीत लिहायचा. यात इतिहास आला, समाजशास्त्र आले, अर्थशास्त्र आले आणि भाषाही आली. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. लागतो तो असा प्राध्यापक, ज्याला स्वतःचा सातबारा वाचता येतो. शोध येथूनच सुरू करावा लागेल, अशी मला भीती आहे.

तरुण वाचकांना मात्र विद्यापीठाच्या मंजुरीसाठी थांबायचे कारण नाही. या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या घराण्याच्या जमिनीचा सातबारा, आठ-अ आणि त्यांवर लिहिलेल्या प्रत्येक क्रमांकाचा फेरफार मिळवा. फटाके वाजवून झाले की आजोबांना, आत्यांना जवळ बसवा आणि एकेक नोंद मोठ्याने वाचा. कोणते नाव कधी आले, कोणते कधी गेले आणि का गेले, ते विचारा. एखाद्या नोंदीशी आत्या गप्प होईल. तेथे थांबा आणि तिला बोलू द्या. जमिनीच्या धंद्याचा पहिला धडा तोच आहे, आणि तुमच्या पदवीने तुम्हाला त्याची तयारी तीन वर्षे दिलेली आहे.